सरकारी की खासगी हे नंतर. आधी रात्री वॉर्डात कोण असतं ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६२. पित्ताशयात खडे आहेत आणि गेल्या चार महिन्यांत दोनदा जोराची कळ येऊन गेली. मधुमेह आहे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.१ आलंय. सरकारी रुग्णालयाने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली आहे. खासगी रुग्णालय पुढच्याच आठवड्यात करू म्हणतं. पैसे उभे करता येतील, पण ओढाताण होईल. तर शस्त्रक्रिया कुठे करावी?

मी भूलतज्ज्ञ आहे. दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत रुग्णाच्या उशाशी बसून बरीच वर्षं काम केलंय. त्या जागेवरून सर्जनचा हात दिसतो, सिस्टरची तयारी दिसते आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना अचानक काही बिनसलं तर ऑपरेशन थिएटरमधली माणसं कशी वागतात तेही दिसतं. या अनुभवावरून सांगते, दारावरची पाटी सरकारी आहे की खासगी, यावरून फार थोडं कळतं. शस्त्रक्रिया कोणती आहे, रुग्णाची तब्येत कशी आहे, आणि नंतर काही बिघडलं तर ते कोणाच्या आणि किती लवकर लक्षात येईल, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल जवळजवळ कोणीच विचारत नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ८४ हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत मृत्यू जास्त होत होते तिथे गुंतागुंतही जास्त होत असेल, असं कोणालाही वाटेल. पण गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, एकीकडे २४.६ टक्के आणि दुसरीकडे २६.९ टक्के. फरक पुढे होता. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २१.४ टक्के रुग्ण दगावले, कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत १२.५ टक्के. गुंतागुंत सगळीकडेच होते, कुठे ती वेळेत ओळखून रुग्णाला बाहेर काढतात आणि कुठे ती ओळखायलाच उशीर होतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. पित्ताशय काढल्यानंतरची दुसरी रात्र. रुग्ण म्हणतो, "पोट जरा ताणल्यासारखं वाटतंय." ताप नाही, रक्तदाब १२६ वर ७८, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण नाडी संध्याकाळी ८८ होती ती आता ११६ आहे, श्वास मिनिटाला १६ वरून २४ वर गेलाय आणि लघवी कमी झालीय. पोटात पित्त झिरपत असेल किंवा आत रक्तस्राव होत असेल, तर आधी नाडी आणि श्वास वाढतात. रक्तदाब बराच वेळ तग धरतो आणि तो पडेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. ही वाढलेली नाडी रात्री दीड वाजता कोण मोजणार? मोजली तर कोणाला कळवणार? कळवल्यावर वीस मिनिटांत खाटेपाशी कोण येणार? आणि आलेल्या माणसाला सोनोग्राफी, रक्ततपासणी, रक्ताची पिशवी, आयसीयूतली खाट आणि गरज पडल्यास पुन्हा थिएटर उघडण्याची सोय मिळणार का? आईसाठी रुग्णालय निवडताना खरी निवड याचीच असते.

मोठ्या सरकारी रुग्णालयाची बाजू इथे भक्कम असते, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असेल तर. रेसिडेंट डॉक्टर, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेणारे डॉक्टर, चोवीस तास आवारात असतात. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, रेडिओलॉजी, रक्तपेढी सगळं एकाच आवारात. रात्री तीन वाजता पोट पुन्हा उघडायची वेळ आली तर थिएटर चालूच असतं, कारण अपघाताचे रुग्ण येतच असतात. तिथलं कमकुवत अंग म्हणजे सिस्टरवरचा भार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली आला. एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. भरलेल्या वॉर्डात सिस्टर कितीही जीव तोडून काम करत असली, तरी प्रत्येकाची नाडी तासातासाला मोजणं तिला जमत नाही. म्हणून अशा ठिकाणी नातेवाईक जागा आणि सजग असला, तर त्याचा खरोखर उपयोग होतो.

खासगी रुग्णालयांत आपसांतच इतकं अंतर असतं की "खासगी" हा एकच गट धरणं चुकीचं आहे. एका टोकाला सगळे विभाग, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि आयसीयूत चोवीस तास तज्ज्ञ असलेली मोठी रुग्णालयं. दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस खाटांची, जिथे सर्जन बाहेरून येतो, भूलतज्ज्ञही बाहेरून येतो, शस्त्रक्रिया उत्तम होते आणि मग दोघेही पुढच्या रुग्णालयात जातात. रात्री आवारात जो डॉक्टर असतो त्याने ती शस्त्रक्रिया पाहिलेली नसते, कधी कधी त्याचं शिक्षणही त्या शाखेचं नसतं. तो फोन करतो आणि सर्जन फोनवर औषध सांगतो. धडधाकट तरुणाच्या हर्नियासाठी ही व्यवस्था बहुतेक वेळा निभावते. ६२ वर्षांच्या, साखर ताब्यात नसलेल्या बाईसाठी मला ती पुरेशी वाटत नाही.

छान खोली, वातानुकूलन, गोड बोलणारा स्वागतकक्ष, यांचा शस्त्रक्रियेच्या निकालाशी संबंध नाही. उलट पहिल्या रात्रीपुरतं माझं मत असं, की सिस्टरच्या टेबलावरून दिसणारी खाट ही कोपऱ्यातल्या स्वतंत्र खोलीपेक्षा बरी. स्वतंत्र खोली तिसऱ्या दिवशी घ्या.

आता सर्जनचा हात. किती शस्त्रक्रिया होतात यावर निकाल अवलंबून असतो, पण सगळ्याच शस्त्रक्रियांत सारखा नाही. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेतल्या रुग्णांवरचा २००२ सालचा अभ्यास यासाठी अजूनही उपयोगी आहे. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया जिथे क्वचितच होत होती तिथे मृत्यूचं प्रमाण १६.३ टक्के होतं, जिथे ती नियमित होत होती तिथे ३.८ टक्के. मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत मात्र हा फरक १.७ आणि १.५ टक्के इतकाच होता. म्हणून स्वादुपिंड, अन्ननलिका, यकृत, मेंदू किंवा लहान बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया असेल, तर ती जिथे सर्वांत जास्त होते तिथे जावं, मग ते रुग्णालय कोणाचंही असो, थोडं लांब असलं तरी. पित्ताशय, हर्निया, मोतीबिंदू यांसाठी इतकं दूर जायची गरज नाही. तिथे सर्जन हे काम नेहमी करतो एवढं पुरतं.

"सरकारीत शिकाऊ डॉक्टर कापतात" ही भीती मला रोज ऐकू येते. रेसिडेंट शस्त्रक्रियेत भाग घेतात हे खरं आहे, आणि त्याशिवाय पुढचा सर्जन तयार होणार नाही. वरिष्ठ शेजारी हात धुऊन उभा असेल तर निकालांत फारसा फरक पडत नाही, वेळ मात्र जास्त लागतो. वरिष्ठ थिएटरमध्ये नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरळ विचारावं, "शस्त्रक्रियेच्या वेळी सर स्वतः असतील ना?" यात कोणाचा अपमान नाही. हाच प्रश्न खासगीतही विचारा, कारण नावाजलेल्या सर्जनच्या नावावर दाखल झालेल्या रुग्णाचं ऑपरेशन तिथेही सहायक करत असू शकतो.

खासगीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जिथे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे उत्पन्न आहे, तिथे "करून टाकू" हे उत्तर लवकर येतं. माझ्या ओळखीचे बहुसंख्य खासगी सर्जन प्रामाणिक आहेत, तरीही हा ओढा व्यवस्थेतच आहे आणि तो विसरून चालत नाही. पित्ताशयातले खडे याचं नेमकं उदाहरण आहे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि कसलाही त्रास नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. त्यांच्यापैकी वर्षाला शंभरात एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. तुमच्या आईचं तसं नाही, दोनदा कळ येऊन गेली आहे, म्हणजे पित्ताशय काढायचं हे बरोबरच. पण इतर कोणी हे वाचत असेल आणि खडे मुके असतील, तर दुसरं मत अशा सर्जनचं घ्या ज्याच्याकडे तुम्ही शस्त्रक्रिया करणार नाही आहात, आणि ते त्याला आधीच सांगा.

सरकारीत उलटा ओढा असतो. थिएटर थोडी, रुग्ण अमाप, म्हणून "थांबू शकतं" असं वाटणारं सगळं पुढे ढकललं जातं आणि ठरलेली तारीखही अपघाताचा रुग्ण आला की रद्द होते. उपाशीपोटी दुपारपर्यंत थांबून परत वॉर्डात आलेल्या रुग्णांचे चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. तो मनस्ताप खरा असतो, त्याला क्षुल्लक म्हणू नये. पण थांबणं किती धोक्याचं, हे आजारावर ठरतं. फारसा त्रास नसलेला पुरुषांचा जांघेतला हर्निया महिनोन्महिने नजरेखाली ठेवता येतो. कर्करोगाचं तसं नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०२० साली काढलेल्या निष्कर्षानुसार, कर्करोगाची शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. तिथे सरकारी तारीख लांबची असेल तर विनंत्या, ओळखी, दुसरं सरकारी रुग्णालय, धर्मादाय रुग्णालय, सगळी दारं ठोठवावीत, आणि परवडत असेल तर खासगीत जावं.

पित्ताशयाच्या कळा या दोन्हींच्या मधल्या. आज-उद्या करायलाच हवं असं नाही, पण दोन कळा येऊन गेल्यावर तिसरी कधी येईल सांगता येत नाही आणि ती पित्ताशयाची सूज किंवा स्वादुपिंडदाह (स्वादुपिंडाची सूज) घेऊनही येऊ शकते. नेदरलँड्समध्ये खड्यांमुळे सौम्य स्वादुपिंडदाह झालेल्या रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. त्याच भरतीत पित्ताशय काढलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांना पुन्हा खड्यांचा त्रास झाला किंवा मृत्यू आला, पंचवीस-तीस दिवस थांबवलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. आईला अजून स्वादुपिंडदाह झालेला नाही, म्हणून हा आकडा तिला तसाच लावू नका. पण तीन महिने ही मुदत मला लांब वाटते.

आणि पुढचा आठवडाही मला तितकाच घाईचा वाटतो. ९.१ ही साखर ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी जास्त आहे. अनेक ठिकाणी ८.५ च्या खाली आल्याशिवाय तारीखच देत नाहीत, कारण जखम पिकणं, छातीत संसर्ग होणं, मूत्रपिंडांवर ताण येणं हे सगळं वाढलेल्या साखरेबरोबर वाढतं. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी असल्यामुळे तो आकडा आठवड्यात बदलत नाही. पण रोजची साखर चार ते सहा आठवड्यांत आटोक्यात आणता येते आणि तेवढ्याचाही उपयोग होतो. पुढच्या आठवड्याची तारीख देताना त्या खासगी रुग्णालयाने या ९.१ बद्दल काही म्हटलं का? फिजिशियनकडे पाठवलं का? नसेल, तर माझ्या नजरेत हीच मोठी खूण आहे.

थांबायचे आठवडे वाया घालवू नका. हिमोग्लोबिन तपासा, कमी असेल तर आत्ताच वाढवा. रोज जिना चढता येतो का ते पाहा, चालणं वाढवा. औषधांची यादी करा. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा या गटातलं दुसरं काही आहे का ते बघा. ही औषधं शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस थांबवावी लागतात, नाहीतर साखर साधारण दिसत असतानाही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने थांबवू नका, पण भूलतज्ज्ञाला नाव घेऊन सांगा. हे औषध रुग्ण घेतोय हे थिएटरच्या टेबलावर कळणं मला कधीच नको असतं.

भूलतज्ज्ञाची भेट ही निवडीची चांगली कसोटी आहे. आईला आम्ही शस्त्रक्रियेच्या निदान काही दिवस आधी तपासायला हवं. जिथे "भूलवाले त्या दिवशी सकाळी बघतील" असं सांगतात, तिथे तिचा मधुमेह, तिचं हृदय, मान मागे किती वळते, तोंड किती उघडतं, याचा विचार थिएटरच्या दारात होणार. उपाशी राहण्याच्या सूचनेवरूनही कळतं. शस्त्रक्रिया दुपारी दोनला आणि रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद, असं मधुमेहाच्या रुग्णाला कोणी सांगत असेल तर तिथे विचार न करता जुनी चाल चालू आहे. बहुतेकांना साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं आणि मधुमेहाचा रुग्ण यादीत सकाळी पहिला घ्यावा. केस काढायचे असतील तर ते वस्तऱ्याने आदल्या रात्री नव्हे, तर क्लिपरने शस्त्रक्रियेच्या दिवशी काढायचे, कारण वस्तऱ्याने त्वचेवर बारीक ओरखडे येतात आणि संसर्ग वाढतो. प्रतिजैविक द्यायचं ठरलं असेल तर ते छेद घेण्याआधीच्या तासाभरात. या बारीकसारीक गोष्टी ज्या रुग्णालयात नीट होतात, तिथे न दिसणाऱ्या गोष्टीही सहसा नीट होतात.

थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा तपासणी यादी वापरतात का, हेही विचारा. २००८ साली आलेली ही १९ मुद्द्यांची यादी आहे. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरमधून बाहेर नेण्याआधी अशा तीन वेळा सगळे थांबतात आणि मोठ्याने बोलून खात्री करतात: रुग्ण कोण, काय काढायचंय, ॲलर्जी कशाची, रक्त तयार आहे का, गॉज आणि उपकरणं मोजून पूर्ण आहेत का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली. श्रीमंत-गरीब दोन्ही देशांतली रुग्णालयं त्यात होती. कागदावर टिकमार्क करणं आणि खरोखर थांबणं यांत फरक असतो, तो बाहेरून दिसणार नाही. पण "ते काय असतं?" असं उत्तर आलं तर दिसेल.

सर्जनला एक प्रश्न अवश्य विचारा. दुर्बिणीने पित्ताशय काढताना मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच आहे. कमी आहे, पण झाली तर रुग्णाचं आयुष्य बदलून जातं. सूज असेल तर आतली रचना ओळखू येत नाही. तेव्हा विचारा, "नलिका स्पष्ट दिसली नाही तर काय करता?" चांगला सर्जन शांतपणे सांगेल की पोट उघडतो, किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवतो, किंवा नुसती नळी घालून बाहेर येतो आणि नंतर पुन्हा जातो. दुर्बिणीतून उघड्या शस्त्रक्रियेकडे वळणं हे अपयश नाही. "माझ्याकडे असं कधी होत नाही" हे उत्तर ऐकलं, तर मी माझ्या आईला तिथे ठेवणार नाही. खडा नलिकेत उतरला असेल तर एंडोस्कोपीने काढायची सोय, म्हणजे ईआरसीपी, तिथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल, हेही याच भेटीत विचारून घ्या.

पैशांबद्दल थोडंच बोलते. पॅकेजचा आकडा सगळं सरळ झालं तर काय लागेल तेवढंच सांगतो. पोट उघडावं लागलं, आयसीयूत दोन दिवस लागले, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर किती होईल, हे लेखी मागा. गुंतागुंत झाल्यावर पैसे संपले म्हणून अर्धवट अवस्थेत सरकारी रुग्णालयात हलवलेला रुग्ण ही मी पाहिलेली सर्वांत वाईट स्थिती आहे. हलवण्यात वेळ जातो, कागदपत्रं अपुरी येतात आणि नवीन डॉक्टरांना आत काय केलंय हे माहीत नसतं. ओढाताण करून फक्त पॅकेजपुरते पैसे जमणार असतील, तर आईच्या बाबतीत मी सरकारीकडे कलेन.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर असं. सरकारी तारीख हातची सोडू नका, आणि त्याच ओपीडीत जाऊन दोन कळांची नोंद व साखरेचा सुधारलेला आलेख दाखवून पाच-सहा आठवड्यांत कोणी रद्द केलेली जागा मिळते का विचारा, अशा जागा निघतात. दरम्यान खासगीत जाऊन रात्रीचा डॉक्टर, आयसीयू, रक्त, भूलतज्ज्ञाची आधीची भेट, वरचा नलिकेचा प्रश्न, एवढं विचारा. उत्तरं समाधानकारक असतील आणि गुंतागुंतीचा खर्चही झेपणार असेल, तर साखर आटोक्यात आल्यावर, साधारण महिन्या-सव्वा महिन्याने, तिथे करा. रात्री फक्त फोनवर भेटणारा सर्जन असेल, तर तीन महिने थांबणं मला त्यापेक्षा बरं वाटतं.

थांबण्याच्या काळात कळ पाच-सहा तासांत ओसरली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद पिवळी झाली, किंवा दुखणं पाठीकडे जाऊन उलट्या थांबेनात, तर ठरलेली तारीख बाजूला ठेवून लगेच निघा. मधुमेहात पित्ताशयाची सूज कधी कधी फारसं न दुखताही वाढते, म्हणून नुसता ताप आणि गळून जाणं दिसलं तरी वाट पाहू नका. अशा वेळी जवळच्या छोट्या रुग्णालयात न थांबता, जिथे रात्रीही सर्जन, प्रयोगशाळा आणि आयसीयू चालू असतं तिथे थेट जा. सोनोग्राफीचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि शेवटच्या रक्ततपासण्या एका पिशवीत आत्ताच भरून ठेवा. आणि निघाल्यावर आईला काही खायला देऊ नका.